फळ्यावरचे तेल : एका आकृतीची समीक्षा

भूगोलाच्या तासाला खनिज तेलाचा पाठ आला की मी फळ्यावर एक आकृती काढत असे. वर फुगलेली खडकाची कमान; कमानीच्या माथ्यात पिवळ्या खडूने वायू, तळाशी निळ्या खडूने पाणी आणि मधला पट्टा तेलाचा. तेल काळे, फळाही काळा. म्हणून मधला पट्टा मी रंगवत नसे. वर एक आडवी रेघ आणि खाली एक आडवी रेघ ओढली की मधली मोकळी जागा आपोआप तेल होई. एकतीस वर्षांत ही आकृती मी किती वेळा काढली याची मोजदाद नाही. मुलांनी ती वहीत उतरवली, परीक्षेत काढली, तिला पूर्ण गुण मिळाले. गुण देणाराही मीच होतो.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी येलदरीला घरी आला होता. तो तेल उद्योगात आहे; विहिरीतून वर आणलेल्या तेलाचे नमुने तपासणे हे त्याचे काम. संध्याकाळी आम्ही धरणाकडे फिरायला गेलो. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, रागावू नका, पण तुम्ही आकृतीत तेलाच्या जागी काहीच काढत नव्हता."

"अरे, फळा काळा, तेल काळं. काय काढणार?"

"तेच म्हणतोय. आमचं सगळं काम त्या मोकळ्या जागेतलं आहे. तिथं वरचं तेल वेगळं, खालचं वेगळं. या कडेचं वेगळं, त्या कडेचं वेगळं."

सुट्टी संपली, तो गेला. मी मात्र त्या मोकळ्या जागेपाशी अडकून राहिलो. वर्षभर मिळेल ते वाचले, न समजलेले त्याला फोनवर विचारले. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. शाळेतल्या आकृतीची कोणी करत नाही. वास्तविक पुस्तक विसरले जाते आणि आकृती जन्मभर डोक्यात राहते. म्हणून या आकृतीची, आणि ती इतकी वर्षे निःशंकपणे काढणाऱ्या शिक्षकाची, ही तपासणी.

आकृतीत खरे काय आहे

आकृती खोटी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पाण्याच्या तळाशी गाळात पुरल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून, भूगर्भातील उष्णतेने, लक्षावधी वर्षांत तेल तयार होते. ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ओल्या खडकांतून वर सरकत राहते. वाटेत अभेद्य खडकाचे झाकण लागले की त्याखाली अडते आणि साचते. वायू सर्वांत हलका म्हणून माथ्यावर, त्याखाली तेल, त्याखाली पाणी. हा क्रम आकृती बरोबर दाखवते आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो दहा मिनिटांत समजतो. असे गुण थोड्याच आकृत्यांत असतात.

पण आकृती न बोलता आणखी तीन गोष्टी सांगून जाते. पहिली अशी, की कमानीखाली पोकळी आहे आणि तेल तिच्यात तळ्यासारखे भरले आहे. प्रत्यक्षात तिथे खडक आहे. चुनखडक किंवा वालुकाश्म. चांगला असला तर शंभर भागांत वीस-पंचवीस भाग बारीक छिद्रे, आणि त्या छिद्रांत तेल. त्या छिद्रांतही खडकाच्या कणांना चिकटून पाण्याचा पातळ थर असतोच.

दुसरी गोष्ट, की तेल आणि पाणी यांच्यामध्ये सरळ रेघ आहे. रेघ नसते, पट्टा असतो. खाली पूर्ण पाणी, वर जाताना थोडे थोडे तेल, आणखी वर बहुतेक तेल. बारीक छिद्रांच्या खडकात हा संक्रमणाचा पट्टा चांगला जाड असू शकतो. खालचे पाणी वाहते असेल तर तो कलतोही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. मधल्या पट्ट्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तेल आहे, असे आकृती म्हणते. खरे तर ती म्हणतही नाही. मोकळी जागा सोडते आणि वाचणारा ती एकाच रंगाने भरून घेतो. माझ्या विद्यार्थ्याचा आक्षेप याच जागेवर होता.

धरणाने केलेली दिशाभूल

हा समज माझ्या मनात इतका पक्का का बसला, याचा विचार करताना मला माझे गाव आठवले. इंग्रजीत धरणामागे अडलेल्या पाण्यालाही रिझर्व्हायर म्हणतात आणि तेल धरून ठेवणाऱ्या खडकालाही रिझर्व्हायरच म्हणतात. त्यातून तेलाच्या साठ्याला पूल, म्हणजे तळे, म्हणण्याचीही तिकडे जुनी रीत. मराठीत आपण जलाशयाच्या धर्तीवर तैलाशय हा शब्द केला आणि त्याच्याबरोबर तळ्याचे चित्रही आले. ज्याने लहानपणापासून पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण पाहिले, त्याच्यासाठी तर हे चित्र आयतेच तयार होते. वर उघडे आभाळ नाही, एवढाच फरक. बाकी खाली एक मोठे धरण भरलेले आहे, असे मी धरून चाललो.

धरणाचे पाणी तरी एकसारखे असते का? आम्ही पोरे उन्हाळ्यात पोहायला उतरायचो तेव्हा छातीपर्यंत पाणी कोमट आणि सूर मारून खाली गेले की एकदम गार. उन्हाने तापलेले हलके पाणी वर, थंड जड पाणी खाली, आणि दोन्हींत लवकर सरमिसळ नाही. म्हणजे धरणसुद्धा धरणाविषयीच्या माझ्या कल्पनेसारखे नव्हते. पण धरणात निदान वारा सुटतो, थंडी पडते, पूर येतो. वर्षाकाठी पाणी ढवळून निघते. खडकाच्या छिद्रांत अडकलेल्या तेलाला ढवळणारे कोणी नाही.

मराठीत तेलावर उत्तम लेखन झाले आहे. गिरीश कुबेर यांची 'हा तेल नावाचा इतिहास आहे' आणि 'एका तेलियाने' ही पुस्तके ज्यांनी वाचली त्यांना तेलामागचे सत्ताकारण, कंपन्या, अरब देश आणि सौदी तेलमंत्री यामानी हे सारे घरच्यासारखे परिचित झाले. त्या पुस्तकांचा विषय जमिनीवरचा आहे आणि तो त्यांनी नेटाने मांडला. इतिहासात तेल हे एकवचनी पात्र असते. त्याच्यासाठी कोण भांडले, हा प्रश्न असतो. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूची. जमिनीखाली तेल कसे असते याचे चित्र मराठी वाचकाला शाळेच्या आकृतीनेच दिले आणि पुढे ते कोणी दुरुस्त केले नाही.

मोकळ्या जागेत काय काय असते

आता त्या पट्ट्याच्या आत जाऊ. तेल हा एक पदार्थ नाही. ते शेकडो-हजारो संयुगांचे मिश्रण आहे. एका टोकाला मिथेनसारखे अगदी हलके रेणू, दुसऱ्या टोकाला अस्फाल्टीन म्हणून ओळखले जाणारे जड, डांबरी रेणू. ज्या त्या जागी हे प्रमाण वेगळे असते. त्याची कारणे मला मुख्यतः चार सापडली.

पहिले कारण गुरुत्वाकर्षण. घाण्यावरून आणलेल्या तेलाच्या डब्यात काही दिवसांनी तळाशी गाळ बसतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. शेकडो मीटर उंचीच्या तैलस्तंभात लक्षावधी वर्षे हेच चालते, फक्त ते रेणूंच्या पातळीवर. जड रेणू खाली जास्त, हलके आणि वायुरूप रेणू वर जास्त. या शंकेचा इतिहासही बोधप्रद आहे. १९३० साली मॉरिस मस्कट या अमेरिकी शास्त्रज्ञाने याचे गणित केले आणि हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान ठरवला. त्याची समीकरणे सोपी होती आणि प्रत्यक्ष द्रव तसे वागत नाहीत. १९३९ साली सेज आणि लेसी या दोघांनी प्रत्यक्षाच्या अधिक जवळचे गणित केले तेव्हा फरक चांगलाच मोठा निघाला. १९८० साली शुल्टे यांनी आधुनिक समीकरणे वापरून तो पुन्हा मांडला आणि त्यानंतर अभियंत्यांना तो नाकारता येईना. माझी फळ्यावरची आकृती त्या मानाने १९३० सालातच राहिली होती.

दुसरे कारण भरण्याची पद्धत. तेल जिथे शिजून तयार होते त्या खोल भागाला भूशास्त्रज्ञ चक्क किचन म्हणतात. या स्वयंपाकघरातून तेल एकाच वेळी येत नाही. कमी शिजलेले, जड तेल आधी येते; खडक आणखी खोल गेला, तापला, की हलके तेल आणि शेवटी वायू. तो माल एका बाजूने आत शिरतो आणि आधी आलेल्याला पुढे ढकलतो. त्यामुळे कित्येक तेलक्षेत्रांत स्वयंपाकघराकडच्या बाजूला हलके आणि पलीकडच्या बाजूला जड तेल सापडते. मग ते मिसळत का नाही? इंग्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याचा हिशेब मांडला. उभ्या दिशेने शंभर मीटरांत तेल आपोआप मिसळायला दहा लाख वर्षांच्या घरात काळ लागतो. आडव्या दिशेने काही किलोमीटर मिसळायला कोट्यवधी वर्षेही कमी पडतात. म्हणजे तैलाशयाच्या दोन टोकांच्या तेलांतील फरक हा त्याच्या भरण्याचा दप्तरी पुरावाच आहे.

तिसरे कारण जिवाणू. साधारण ८० अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानाच्या खडकात, तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वस्ती करतात. सरळ साखळीचे हलके रेणू त्यांना आधी आवडतात. ते खाऊन झाले की मागे जड, चिकट आणि आम्लधर्मी तेल उरते. त्यामुळे पाण्याच्या सीमेजवळचे तेल बरेचदा सर्वांत वाईट असते.

चौथे कारण आतल्या भिंती. शेलचा हातभर जाडीचा थर किंवा एखादा भ्रंश मध्ये आला तर एकाच कमानीखालचे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हीकडचा दाब वेगळा, तेलाची जात वेगळी. वरून मात्र सगळे एकच तेलक्षेत्र दिसते.

यांतील काही कारणे एकत्र आली की टोकाचे प्रकार घडतात. अलास्कातील प्रुढो बे आणि कुवेतमधील बुरगान या महाकाय तेलक्षेत्रांत तेलाच्या खाली डांबराचा थर सापडला आहे. खालचे पाणी वर सरकून तेलाला रेटा देईल, हा आकृतीवरून होणारा समज तिथे फसतो, कारण मध्ये डांबराचे झाकण असते.

आणि हे सारे तेल काढण्यापूर्वीचे. काढायला लागले की तेल आणखी बदलते. खडकातील दाब कमी झाला की, गोळी सोड्याची बाटली फोडल्यावर फसफसते तसा, तेलात विरघळलेला वायू सुटा होतो. मागे राहिलेले तेल घट्ट होते आणि सुटलेला वायू त्याच्या आधी विहिरीकडे धावतो. म्हणून खरा नमुना विहिरीच्या तळाशी, तिथल्या दाबाखालीच बंद करून वर आणावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याचे आयुष्य या बाटल्यांत जाते.

आपल्याकडचे तीन दाखले

मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या नौकेने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. २१ मे १९७६ रोजी मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. त्या वयात आम्ही वर्तमानपत्रातले सागर सम्राटचे छायाचित्र कापून वहीत चिकटवले होते. येथील कच्चे तेल हलके आणि गंधक कमी असलेले आहे. तेलाचा हलकेपणा मोजण्याच्या एपीआय या मापात पाण्याला १० अंश धरतात आणि अंक जितका मोठा तितके तेल हलके. मुंबई हायचे तेल ३९ अंशांच्या आसपास भरते. पण ते ज्या मुख्य चुनखडकात आहे तो एकसंध नाही. चुनखडकाचे थर आणि मध्ये मध्ये शेलचे पापुद्रे, अशी त्याची रचना आहे, आणि माथ्यावर वायू. दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून त्यात समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. पाणी सोप्या वाटेने, सच्छिद्र थरातून पळते आणि शेजारच्या घट्ट थरातले तेल जागच्या जागी राहते. १९८९-९० च्या सुमारास वर्षाला सुमारे दोन कोटी टन, असे शिखर गाठून उत्पादन घसरले. त्या घसरणीची देशात पुष्कळ चर्चा झाली. घाईने उपसा केला की वरचा वायू खाली आणि खालचे पाणी वर, शंकूच्या आकाराने विहिरीकडे ओढले जाते. एकदा ही वाट पडली की तेल बाजूला राहते. धरणाचा दरवाजा बंद केला की पाणी पुन्हा समपातळीत येते. इथे तसे होत नाही.

दुसरा दाखला शेजारच्या गुजरातचा. मेहसाणा परिसरात सांथल, बलोल, लणवा आणि बेचराजी असा जड तेलाचा पट्टा आहे. मुंबई हायचे ३९ अंश, तर इथले तेल पंधरा अंशांच्या आगेमागे. एकाच पट्ट्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तेलाचा चिकटपणा वाढत जातो. आमच्या परभणीच्या माणसाला सांगायचे तर एका टोकाला करडईच्या तेलासारखे आणि दुसऱ्या टोकाला एरंडेलासारखे. असे तेल नुसत्या पाण्याच्या रेट्याने निघत नाही. पाणी त्याला चुकवून पुढे जाते. म्हणून बलोल येथे १९९० पासून जमिनीखाली हवा सोडून तेलाचा काही भाग खडकातच जाळण्याचा प्रयोग झाला आणि पुढे तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. काही तेल जाळायचे आणि त्या उष्णतेने उरलेले पातळ करून बाहेर काढायचे. कुठले तेल किती घट्ट आहे हे ठाऊक नसताना हा उद्योग करणे म्हणजे अंधारात चूल पेटवणे.

तिसरा दाखला राजस्थानातील बारमेरच्या मंगला तेलक्षेत्राचा. २००४ साली सापडले, २००९ साली उत्पादन सुरू झाले. तेल मेणाने भरलेले. सुमारे चाळीस अंश सेल्सियसच्या खाली ते वाहायचेच थांबते. जिंतूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ते कदाचित ओघळेल, दिवाळीच्या पहाटे डब्यात गोठून बसेल. म्हणून ते शेकडो किलोमीटर लांबीच्या तापवलेल्या नळातून गुजरातच्या किनाऱ्याकडे नेतात. याच तेलक्षेत्रात वरच्या भागातील तेल हलके आहे आणि पाण्याच्या सीमेजवळ ते जड आणि चिकट होत जाते. माझ्या पट्ट्याला वर आणि खाली असतो, हे सांगणारा याहून स्वच्छ दाखला मला मिळाला नाही.

दोन विहिरी

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येतो. मी तेलाला धरणाच्या चित्रातून समजून घेतले. पण माझ्याच गावात दुसरे, अधिक खरे चित्र होते आणि ते मी वापरले नाही.

आमच्या शिवारात एका बांधाच्या दोन बाजूंना दोन विहिरी आहेत. एकीचे पाणी गोड. दुसरीचे मचूळ, तिच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. आईने कधी त्या विहिरीचे पाणी स्वयंपाकाला घेतले नाही. दोन विहिरींत पन्नास पावलांचेही अंतर नाही. कारण विचारले तर विहीर खणणारा म्हातारा सांगे, हिचा झरा मुरमातून आला, तिचा कातळाच्या भेगेतून. झरे वेगळे म्हणून पाणी वेगळे. जमिनीखाली पाण्याचे तळे नाही, खडक आहे; खडकात थर आहेत, भेगा आहेत; प्रत्येक वाटेने आलेल्या पाण्याची चव निराळी, हे त्याला कोणत्याही आकृतीशिवाय ठाऊक होते. मुंबई हायच्या तळाशी आणि गुजरातच्या पादरा येथे तर बेसाल्टच्या भेगांतूनसुद्धा तेल मिळाले आहे. बेसाल्ट म्हणजे आमच्या शिवाराखालचा काळा पाषाणच. विहीर खणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला याचे आश्चर्य वाटले नसते.

मराठी भाषेने तर हे केव्हाच ओळखले होते. आपण तेलविहीर म्हणतो. विहीर म्हटले की झरा आला, थर आला, शेजारच्या विहिरीपेक्षा वेगळे पाणी आले. मी तो शब्द रोज वापरला आणि त्याच्याखाली चित्र मात्र तळ्याचे काढले.

धरणाकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे, पण ती चित्र नव्हे, शब्द. येलदरीच्या पाण्याची बातमी वाचणारा परभणी-हिंगोलीचा शेतकरी साठा या एका शब्दावर कधी समाधान मानत नाही. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यात जिवंत साठा सुमारे ८१० आणि मृत साठा सुमारे १२५, हे त्याला तोंडपाठ असते. कालव्याला पाणी सुटेल की नाही ते जिवंत साठ्यावर ठरते. तेलाच्या बातमीत मात्र अमुक इतका साठा सापडला, एवढेच येते आणि आपण ते सगळे हाती आल्यासारखे वाचतो. येलदरीत साडेसात हिश्श्यांत एक हिस्सा मृत आहे. जगातील तेलक्षेत्रांची सरासरी धरली तर तीन हिश्श्यांत दोन हिस्से खडकातच राहतात. शिवाय धरणाचा मृत साठा तळाशी एका जागी असतो. तेलाचा मृत साठा सगळ्या खडकात, छिद्राछिद्रांत विखुरलेला असतो. त्यातला किती जिवंत करता येईल हे तेल कुठे कसे आहे यावर ठरते, म्हणजेच मी कोरी सोडलेल्या जागेवर. खडकातील एकूण तेल आणि हाती येणारे तेल असे दोन आकडे आपल्या बातम्यांनी आणि पाठांनी वेगळे द्यावेत. ज्या भागात मृत साठा हा शब्द पारावर बोलला जातो तिथे हे कोणाला जड जाणार नाही.

कोणी म्हणेल, शाळेतल्या मुलाला इतके कशाला? सोपे करून सांगणे हाच शिक्षकाचा धर्म नव्हे काय? आक्षेप खरा आहे. सगळी तेलक्षेत्रे इतकी विचित्र नसतात. काहींत तेल बरेचसे सारखे असते आणि तिथे साधी आकृती चालून जाते. पण सोपे करणे आणि कोरे सोडणे यांत फरक आहे. सोपे केलेले पुढे वाढवता येते. कोरे सोडलेले मूल आपल्या मनाने भरते आणि मग ती जागा भरली आहे म्हणून पुढे विचारतच नाही. माझ्या एकतीस वर्षांत एकाही मुलाने मधल्या पट्ट्याविषयी प्रश्न विचारला नाही. मी त्याचे श्रेय आकृतीच्या स्पष्टपणाला देत होतो.

दसऱ्याच्या आधी मी शाळेत जाऊन एक तास मागून घेतला. सध्याच्या शिक्षकांनी आनंदाने दिला. आकृती काढण्याआधी मुलांना विचारले, तुमच्या शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी एकसारखे आहे का? निम्म्या वर्गाने हात वर केले आणि सगळ्यांनी नाही म्हणून सांगितले. एका मुलीने डाळीचे सांगितले. मग मी कमान काढली. आत ठिपके ठिपके करून खडक काढला. मधल्या पट्ट्यात तपकिरी खडू वर विरळ आणि खाली दाट घासला, एक तिरकी भिंत घातली, आणि भिंतीपलीकडे वेगळा रंग दिला. पाण्याच्या सीमेवरची रेघ बोटाने पुसून धूसर केली. आकृती पूर्वीइतकी सुबक दिसली नाही.

त्याच मुलीने विचारले, "सर, मग एका विहिरीवरून आत कसलं तेल आहे ते कसं कळणार?"

"नाही कळत," मी म्हणालो. "फक्त त्या विहिरीपुरतं कळतं."

फळा पुसायला घेतला तेव्हा तास संपला होता. मुलांचे उतरवून व्हायचे होते, म्हणून तसाच ठेवला.